आधी वही, मग चित्र: कृष्णवर्णीय अमेरिकी कलावंतांची कला जमवू पाहणाऱ्यांसाठी

मंडळाच्या गणपतीत माझी ओळख "चित्रं गोळा करणाऱ्या काकू" अशी करून दिली जाते आणि मग जेवणाच्या रांगेत कुणीतरी विचारतंच, "काकू, आम्हालाही सुरुवात करायची आहे. कुणाचं घेऊ?" मी न्यू जर्सीत राहते आणि गेली बरीच वर्षं कृष्णवर्णीय कलावंतांची लहानसहान कामं, बहुतेक कागदावरची, जमवते. माझं उत्तर ठरलेलं असतं: आधी वही घे. दोनशे पानी, पुठ्ठा बांधणीची. विचारणाऱ्याला वाटतं, काकू टाळताहेत.

शब्दाचं आधी उरकून घेते. मराठीत लिहिताना आपण "कृष्णवर्णीय" लिहितो, बोलताना "ब्लॅक आर्टिस्ट" म्हणतो, दोन्ही चालतं. जुन्या मराठी पुस्तकांतला "निग्रो" आता फक्त जुन्या संस्थांच्या नावात उरू द्यावा. आणि "काळा" हा शब्द आपल्या घराघरांत कोणत्या सुरात उच्चारला जातो, हे मी सांगायला नको. तो सूर दाराबाहेर काढून ठेवता येत नसेल, तर या वाटेला न गेलेलं बरं.

पायरी पहिली: वही

जेकब लॉरेन्स हे नाव पहिल्या पानावर लिहा. त्यांनी १९५४ ते १९५६ या काळात अमेरिकेच्या सुरुवातीच्या इतिहासावर तीस चित्रांची मालिका काढली. मालिका पुढे विखुरली आणि काही चित्रं कुठे गेली याचा पत्ताच लागेना. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ती मालिका मांडली होती, हरवलेल्या चित्रांच्या जागा रिकाम्या ठेवून. प्रदर्शन चालू असतानाच सोळाव्या क्रमांकाचं चित्र सापडलं, आणि तेही त्याच शहरातल्या एका घरात. १९६० मध्ये एका मदतनिधीच्या लिलावात घेतलेलं ते चित्र तेव्हापासून भिंतीवर होतं. पुढच्या वर्षी अठ्ठाविसावं सापडलं, तेही न्यूयॉर्कमध्येच. दोन्ही घरांनी चित्रं व्यवस्थित सांभाळली होती. ती कोणत्या मालिकेतली आणि कोण त्यांच्या शोधात आहे, एवढंच दोन्हीकडे माहीत नव्हतं.

म्हणून वही. विकत घेतलेल्या प्रत्येक कामासाठी एक पान: कलावंताचं नाव, कामाचं नाव, साल, माध्यम, लांबी-रुंदी, कुणाकडून घेतलं, कधी, किती रुपयांना किंवा डॉलरना, आणि आधी ते कुणाकुणाकडे होतं. पावती त्याच पानाला टाचणीने नव्हे, पाकिटात घालून जोडायची, कारण टाचणीला गंज चढतो. फोटो दोन, पुढून आणि मागून. मागचा जास्त महत्त्वाचा, कारण जुनी लेबलं, फ्रेमवाल्याचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेले आकडे तिथेच असतात. कलावंताशी बोलणं झालं असेल, तर तो काय म्हणाला ते त्याच रात्री लिहून काढा. दुसऱ्या दिवशी आठवतं ते आपलं असतं, त्याचं नसतं.

फक्त पाहिलेल्या कामांसाठीही पानं ठेवा. माझ्या वहीत पाहिलेली नऊ आणि घेतलेलं एक, असं प्रमाण पडतं.

पायरी दुसरी: वर्षभर नुसतं पाहायचं

या पायरीला कुणी तयार होत नाही. खिशात पैसे असले की हात शिवशिवतात.

लॉरेन्स यांच्यापासूनच सुरुवात करा. दक्षिणेतून उत्तरेकडे झालेल्या कृष्णवर्णीयांच्या स्थलांतरावर त्यांनी १९४० आणि ४१ मध्ये साठ चित्रं काढली, तेव्हा ते जेमतेम तेवीस वर्षांचे होते. विषम क्रमांकांची तीस चित्रं वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनमध्ये आहेत, सम क्रमांकांची तीस न्यूयॉर्कच्या मोमात, म्हणजे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये. साठही फळ्या शेजारी शेजारी मांडून ते एकेक रंग घेत आणि तो लागेल तिथे सगळ्या फळ्यांवर लावत जात, म्हणून पहिल्या चित्रातला पिवळा शेवटच्यातही तोच दिसतो. एका शहरात अर्धी गोष्ट पाहायची आणि उरलेल्या अर्ध्यासाठी दुसऱ्या शहराची गाडी पकडायची. दोन्ही पाहून आल्यावर विकणाऱ्याच्या गोड बोलण्याला तुम्ही लवकर भुलणार नाही.

या मालिकेसाठी त्यांनी वाचन केलं ते न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, १३५व्या रस्त्यावरच्या सार्वजनिक वाचनालयात. आर्तुरो शॉम्बर्ग यांनी जमवलेली पुस्तकं, कागदपत्रं आणि चित्रं १९२६ मध्ये त्या वाचनालयाने विकत घेतली. आज ते शॉम्बर्ग सेंटर म्हणून ओळखलं जातं आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. आपल्यासाठी तिथे एक धागाही आहे. भारतात आलेल्या आफ्रिकी लोकांवर या सेंटरने एक प्रदर्शन केलं होतं, त्यात मलिक अंबरही होता आणि जंजिऱ्याचे सिद्दीही. औरंगाबाद आणि मुरुड हार्लेममधल्या भिंतीवर वाचताना मला क्षणभर आपण कुठे आहोत तेच कळेना.

तिथून दहा रस्ते खाली स्टुडिओ म्युझियम आहे, १९६८ मध्ये सुरू झालेलं. दरवर्षी मोजक्या तरुण कलावंतांना तिथे काम करायला जागा मिळते. त्या नावांवर लक्ष ठेवा.

मोठ्या संग्रहालयांची दारं बंद होती त्या काळात कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांनी ही कला विकत घेतली आणि भिंतींवर लावली. हेन्री ओसावा टॅनर यांचं १८९३चं गाजलेलं चित्र, आजोबा नातवाला बँजो शिकवताहेत ते, १८९४ पासून व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनकडे आहे. अटलांटा विद्यापीठात हेल वुडरफ यांनी १९४२ मध्ये वार्षिक प्रदर्शन सुरू केलं. ते १९७० पर्यंत चाललं आणि बक्षीसपात्र कामं विद्यापीठ विकत घेत राहिलं. तो संग्रह आज क्लार्क अटलांटात पाहता येतो. शिकागोत असाल तर साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर चुकवू नका. १९४० पासून त्याच घरात आहे, आणि लाकडी भिंतींना इतक्या वर्षांच्या खिळ्यांची भोकं आहेत.

पायरी तिसरी: प्रिंटपासून सुरुवात

प्रिंट म्हणजे मुद्राचित्र. दुकानात मिळणारं पोस्टर वेगळं. कलावंताने स्वतः लाकडावर, लिनोवर (लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर), दगडावर किंवा जाळीवर ठसा घडवून त्याच्या मोजक्या प्रती काढायच्या, ते हे काम. प्रती अनेक असल्याने किंमत आवाक्यात राहते. माझं पहिलं प्रिंट मी पाचशे डॉलरच्या आत घेतलं.

स्वस्त म्हणून प्रिंट, एवढंच कारण नाही. या परंपरेतली फार मोठी माणसं प्रिंटमध्येच रमली, कारण त्यांना आपलं काम आपल्या लोकांच्या घरात हवं होतं. रॉबर्ट ब्लॅकबर्न यांनी १९४०च्या दशकाअखेर न्यूयॉर्कमध्ये छपाईची कार्यशाळा काढली आणि ती सगळ्यांना खुली ठेवली. ती आजही चालू आहे. शिकागोच्या आफ्रिकोब्रा या १९६८च्या गटाने झगमगीत रंगांची स्क्रीनप्रिंट काढली ती साध्या माणसाला परवडावीत म्हणूनच. ॲलन एडमंड्स यांनी १९७२ मध्ये फिलाडेल्फियात सुरू केलेली ब्रँडीवाइन कार्यशाळा माझी आवडती. तिथे देशोदेशीचे कलावंत येऊन प्रिंट काढतात. त्या प्रिंटचा ऑनलाइन संग्रहही आहे. घरबसल्या डोळा तयार करायला त्याच्याइतकी दुसरी सोय मला माहीत नाही.

आता भिंग काढा. दहापट मोठं दाखवणारं, स्टॅम्प जमवणाऱ्यांकडे असतं तसलं.

एलिझाबेथ कॅटलेट यांचं "शेअरक्रॉपर" हे लिनोकट डोळ्यांसमोर ठेवून सांगते. खंडाने दुसऱ्याची जमीन कसणारी एक बाई, डोक्यावर रुंद गवती टोपी. चेहऱ्यावरच्या रेषा कोरणीच्या फटकाऱ्यांनी काढलेल्या, आणि गळ्याशी जाकीट धरून ठेवायला बटण नाही तर सेफ्टी पिन. भिंगातून टोपीची कड पाहिली तर शाई सलग दिसते आणि ठशाच्या काठाला जराशी जाड साचलेली असते. तेच चित्र पुस्तकातून कापून फ्रेम केलेलं असेल, तर भिंगाखाली बारीक ठिपक्यांची रांगोळी दिसेल. ठिपके दिसले की ते छापखान्यातलं काम. ते भिंतीवर जरूर लावा, पण प्रिंटचे पैसे देऊ नका.

मग खालची कड. डावीकडे पेन्सिलीने आकडे असतात: १२/५० म्हणजे पन्नासांतली बारावी प्रत. बारावीपेक्षा तिसरी भारी, असं काही नसतं. "ए. पी." म्हणजे कलावंताने स्वतःसाठी राखलेली प्रत. सही पेन्सिलीची असते. कागद उजेडात तिरका धरला की शिशाची चमक दिसते. छापलेली सही चमकत नाही.

आणखी एक बारकावा आहे, त्यात मी स्वतः फसता फसता वाचले. ठसा कोरल्याचं साल आणि प्रत छापल्याचं साल वेगळं असू शकतं. "शेअरक्रॉपर"चा ठसा १९५२चा, पण बऱ्याच प्रती खूप नंतर, १९७०च्या सुमारास छापल्या गेल्या. दोन्ही खऱ्याच. किंमत मात्र सारखी नाही. विकणारा नुसतं "१९५२" म्हणाला, तर विचारायचं: छापलं कधी?

कॅटलेट १९४६ मध्ये मेक्सिकोला गेल्या आणि तिथल्याच झाल्या. त्यांच्या राजकारणामुळे अमेरिकेने त्यांना नकोशा परकीयांत टाकलं, मायदेशी यायलाही बंदी घातली. आज त्याच देशातली संग्रहालयं त्यांची प्रिंट अभिमानाने टांगतात.

पायरी चौथी: कुठून घ्यायचं

जिवंत कलावंताचं काम शक्यतो त्याच्याकडून, त्याच्या गॅलरीकडून किंवा जिथे छापलं त्या कार्यशाळेकडून घ्या. पैसे त्याच्या हाती जातात आणि कागदपत्रं सरळ असतात. हप्ते विचारायला लाजू नका. गॅलऱ्या देतात, फक्त पाटी लावत नाहीत. पहिल्या भेटीत घासाघीस करू नका. तुळशीबागेची सवय मलाही आहे, पण तरुण कलावंताने सांगितलेल्या किमतीत त्याचं भाडं असतं.

दिवंगत कलावंतांसाठी लिलाव. न्यूयॉर्कच्या स्वॉन या लिलावगृहात २००७ पासून आफ्रिकन-अमेरिकन कलेचा स्वतंत्र विभाग आहे. तिथले जुने कॅटलॉग आणि विक्रीचे आकडे आधी चाळा. हातोडा पडतो त्या आकड्यावर खरेदीदाराचं कमिशन चढतं, बऱ्याच ठिकाणी पाव भाग किंवा त्याहून जास्त, आणि वर कर. हजाराला घेतलं म्हणताना तेराशे मोजलेले असतात.

गोधडीवाल्यांसाठी मात्र वेगळी वाट आहे. अलाबामातल्या गीज बेंड या नदीच्या वळणावरच्या गावात बायका पिढ्यान्‌पिढ्या जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. २००२ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या तेव्हा समीक्षकांना त्यांच्यात आधुनिक चित्रकला दिसली. मला आजीच्या नऊवारीचे तुकडे दिसले. आता तिथल्या बऱ्याच जणी आपल्या गोधड्या ऑनलाइन स्वतःच विकतात, तेव्हा मधल्या दलालाकडे जाण्याचं कारण नाही. आणि देशात असाल तर उत्तर कन्नडमध्ये हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात, तीही पाहून या. गोव्यातून पोर्तुगिजांच्या गुलामीतून निसटून त्या रानात शिरलेल्या आफ्रिकी माणसांच्या या लेकीबाळी.

कागदच हवा असेल तर ब्लॅक पँथर पक्षाच्या वृत्तपत्राचे जुने अंक पाहा. पंचवीस सेंटला विकल्या जाणाऱ्या त्या अंकांची चित्रं एमरी डग्लस काढत. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिने नाव उचललं ते याच पक्षाचं. मराठी घरात तो अंक आला तर त्याला परकं वाटणार नाही.

पायरी पाचवी: गोष्ट ऐकून भुलू नका

२०२२ मध्ये ऑर्लँडोच्या कला संग्रहालयातून एफबीआयने पंचवीस चित्रं उचलून नेली. ती ज्याँ-मिशेल बास्किया या न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय चित्रकाराची म्हणून मांडली होती. गोष्ट झकास होती: १९८२ मध्ये विकली गेलेली आणि एका गोदामाच्या खणात वर्षानुवर्षं विसरलेली चित्रं. पण त्यातलं एक फेडएक्सच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर होतं आणि त्यावरच्या छापील अक्षरांचं वळण कंपनीने १९९४ च्या आधी वापरलेलंच नव्हतं. बास्किया वारला १९८८ मध्ये. पुढे लॉस एंजेलिसच्या एका लिलाववाल्याने कबुली दिली की ती त्याने साथीदाराबरोबर बनवली, एकेक चित्र पाच मिनिटं ते अर्ध्या तासात.

तेव्हा जितकी गोष्ट सुरस, तितकी पावती आधी मागायची. पावती "घरी आहे, नंतर पाठवतो" असेल, तर पैसेही नंतर पाठवायचे.

पायरी सहावी: घरी आणल्यावर

माझं दुसरं प्रिंट मी घराजवळच्या एका फ्रेमवाल्याकडे टाकलं आणि काही न विचारता निघून आले. आठ दिवसांनी फ्रेम सुरेख दिसत होती. दोन वर्षांनी काच बदलायला उघडली तेव्हा कळलं की त्याने प्रिंट उष्णतेने पुठ्ठ्यावर सपाट चिकटवून टाकलं होतं. ते आता सुटत नाही. चित्र तेच, कागद मात्र मेला. चूक निम्मी माझीच, मी विचारलं नव्हतं.

तुम्ही विचारा. पुठ्ठा आम्लविरहित आहे का? प्रिंट वरच्या दोन कोपऱ्यांवर जपानी कागदाच्या पट्ट्यांनी, गव्हाच्या खळीने टांगणार का? सेलोटेपचं नावही नको. काच अतिनील किरण अडवणारी घ्या आणि काचेला प्रिंट टेकू देऊ नका. प्रिंटची कड कापायची नाही, कारण आकडे आणि सही तिथेच असते. मुंबई-कोकणात राहत असाल तर बाहेरच्या भिंतीवर कागदी काम लावू नका. पावसाळ्यात तिला ओल धरते, मग बुरशी येते, आणि बुरशीमागोमाग कसर.

परदेशातून भारतात मागवताना बिलावर "मूळ मुद्राचित्र, स्वाक्षरी व क्रमांकासह" असं स्पष्ट लिहून घ्या. सीमाशुल्काच्या यादीत कलाकृतींचं स्वतंत्र ९७वं प्रकरण आहे. नुसतं "पोस्टर" लिहिलं की माल भलत्याच रकान्यात जातो. दर बदलत असतात, ते क्लिअरिंग एजंटला आधीच विचारा.

पायरी सातवी: पाठीशी उभं राहणं

ऑगस्टा सॅव्हेज या शिल्पकार बाईंशिवाय हा भाग सांगता येत नाही. हार्लेममध्ये त्या मुलांना शिकवत. त्यांच्याकडे येणारा एक पोरगा सरकारी कलायोजनेत घेण्याजोगा आहे असं त्यांना वाटलं, म्हणून त्या स्वतः त्याला कचेरीत घेऊन गेल्या. वय कमी भरलं, नकार आला. पोरगा विसरून गेला. बाई विसरल्या नाहीत. वर्षभराने त्याला पुन्हा हाताला धरून नेलं आणि त्याला आठवड्याचा पगार सुरू झाला. तो पोरगा म्हणजे जेकब लॉरेन्स.

त्याच बाईंनी १९३९च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यासाठी सोळा फूट उंचीची वीणा (हार्प) घडवली. तारांच्या जागी गाणारी बारा कृष्णवर्णीय मुलं, आणि खाली त्या सगळ्यांना तोलून धरणारा देवाचा हात. काम प्लास्टरमध्ये होतं. ब्राँझमध्ये ओतायला पैसे नव्हते, ठेवायला जागा नव्हती. मेळा संपल्यावर बाकी मांडवाबरोबर तीही पाडली. आज उरलेत ते फोटो आणि तेव्हा आठवण म्हणून विकलेल्या छोट्या प्रतिकृती.

तुमच्या-माझ्या हातात काय आहे? संग्रहालयाने काम उसनं मागितलं तर द्या, विमा त्यांचा, आणि परत आल्यावर फ्रेमच्या मागे त्यांचं लेबल राहू द्या. गावातल्या वाचनालयात महिनाभर चार प्रिंट लावायला परवानगी मागा. माझ्याकडे ती एका अर्जावर मिळाली. फोटो टाकताना कलावंताचं नाव, साल, माध्यम लिहा. "माझ्या बैठकीतलं पेंटिंग" एवढंच लिहिलं, तर तुमच्या सोफ्याची जाहिरात होते. आणि छापायचं असेल तर विचारा: चित्र विकत घेतलं म्हणजे कॉपीराइट घेतला असं होत नाही.

विकायची वेळ आली तर पहिला फोन कलावंताला किंवा त्याच्या गॅलरीला. केरी जेम्स मार्शल यांचं एक भलंमोठं चित्र शिकागोच्या एका सार्वजनिक संस्थेने १९९७ मध्ये २५,००० डॉलरला घेतलं आणि २०१८ मध्ये लिलावात काढलं. २.११ कोटी डॉलर आले. मार्शल यांच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही, कारण पुनर्विक्रीत कलावंताला हिस्सा देणारा देशव्यापी कायदा अमेरिकेत नाही. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३अ मध्ये दहा हजार रुपयांवरच्या पुनर्विक्रीत जास्तीत जास्त दहा टक्क्यांपर्यंत वाटा लिहिलेला आहे. तेव्हा अमेरिकेत कायदा नसला तरी खरेदीच्या वेळीच एक ओळ लिहून देता येते: विकलं तर नफ्यातले इतके टक्के तुमचे. मी लिहून देते. कलावंत आधी हसतात, मग कागद जपून ठेवतात.

शेवटी हे सगळं कुठे जाणार, तेही आत्ताच ठरवायचं. वॉल्टर इव्हान्स हे पेशाने शल्यविशारद. त्यांनी संग्रहातली साठांहून जास्त कामं सव्हानाच्या कला महाविद्यालयाला दिली. वॉशिंग्टनच्या पेगी कूपर कॅफ्रिट्झ यांचं घर २००९ मध्ये आगीत गेलं आणि तीनशेवर कामं जळाली. त्यांनी पुन्हा जमवायला सुरुवात केली, आणि २०१८ मध्ये त्या गेल्या तेव्हा नवा संग्रह स्टुडिओ म्युझियमला आणि त्यांनीच उभारायला मदत केलेल्या कलाशाळेला मिळाला. अमेरिकेत दान देताना ५,००० डॉलरच्या वर करसवलत हवी असेल, तर अधिकृत मूल्यांकन लागतं. मूल्यांकन करणारा आधी मागतो तुमची वही.

तिची प्रत घराबाहेर ठेवा. माझी पुण्यात भाच्याकडे आहे, पानांचे फोटो काढून पाठवलेली. आणि प्रत्येक फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर, प्रिंटवर नव्हे, मऊ पेन्सिलीने एवढंच लिहिलेलं आहे: वही, पान अमुक.